घोड्यात भाग घ्यायला निघालेल्या आमच्या भिशीतल्या मंडळींना खुलं पत्र

राम राम मंडळी,

गेल्या आठवड्यात भिशीच्या ग्रुपवर तो रेसच्या शिंगराचा फोटो पडला तेव्हापासनं मी गप्प आहे. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी फोन करून विचारलं पण, काका काय बोलत नाही, तुम्ही तर ह्यातले जुने खेळाडू. खेळाडू वगैरे काय नाही ओ, मार खाल्लेला माणूस आहे मी, आणि एकेकाला फोनवर सांगितलं की प्रत्येकजण आपल्याला पाहिजे तेवढंच ऐकतोय, म्हणून हे सगळ्यांना दिसेल असं उघड लिहितोय.

शिंगरू झकास आहे ह्यात वाद नाही. तांबड्या रश्श्याच्या तर्रीसारखा रंग, कपाळावर चांदणी, कान टवकारलेले. खाली मजकूर, 'दहा भाग, सहा गेले, चार शिल्लक, टोकन टाका'. हे भाग विकणारा माणूस रविवारी आपल्याला मिसळीवर भेटणार. त्याच्याखाली तुमचे अंगठे आणि जाळाच्या खुणा. एकानं तर नाव पण सुचवून टाकलं, चांगलं लांबलचक, नाद खुळा वगैरे घालून. रेसच्या घोड्याचं नाव इंग्रजी अठरा अक्षरांच्या वर जात नाही, मधल्या मोकळ्या जागा धरून, एवढी एक माहिती माझ्याकडनं फुकट घ्या. बाकीच्या माहितीला मला तीन लाख पडलेत.

२०१७ ची दिवाळी झाली आणि पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, स्टडवरनं, म्हंजे घोड्यांची पैदास करतात तिथनं, एक घोडी घेतोय, दहा भाग करतोय, एक भाग एक लाख वीस हजार, तू आपला माणूस म्हणून विचारतोय. 'आपला माणूस' म्हटलं की कोल्हापूरकर विरघळतोय हे त्याला बरोबर ठाऊक होतं. आपल्या गावात रेसकोर्स आता नाक्याच्या नावात तेवढा उरलाय, तिथं घोडं सोडा टू-व्हीलर लावायला जागा नसते, पण घोडा म्हटलं की आपल्याला संस्थानातल्या पागाच दिसायला लागतात. मी पण बायकोला न सांगता चेक फाडला.

घोडी स्टडवरनं साडेसात लाखाला घेतलेली हे मला कळलं दोन वर्षांनी, ते पण दुसऱ्याच माणसाकडनं, बोलता बोलता. आमच्यात ती बारा लाखाला वाटली. मधले साडेचार लाख कुठं गेले विचारलं तर उत्तर आलं की मी शोधाशोध केली, रिस्क घेतली, माझी मेहनत काय फुकट काय. बरं, मेहनतीचे घे की बाबा, पण आधी सांगून घे. त्यात घोडी एप्रिलच्या शेवटी जन्मलेली. आपल्याकडं रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात, म्हंजे जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि एप्रिल-मेमधलं शिंगरू कागदावर एकाच वयाची, पळायची एकाच रेसमध्ये. दोन वर्षांच्या जनावरात तीन-चार महिन्यांचा फरक म्हंजे बालवाडी आणि दुसरीतल्या पोरांची कुस्ती. ह्या फोटोतल्या शिंगराची जन्मतारीख विचारली का कुणी? नावाआधी ती विचारायची असते.

पण किंमत हा किरकोळ भाग आहे, खरं सांगतो. एक लाख वीस हजार गेले, एकदा रडून मोकळा होतोय माणूस. घोडं पेंड खातंय ते महिन्याच्या बिलात. आमचं बिल सगळं धरून महिन्याला पंचेचाळीस हजाराच्या आसपास यायचं, ट्रेनरची फी, ओट, लसूणघास, घोडी सांभाळणाऱ्या सायसाचा पगार, नालबंद, डॉक्टर, मग घोडी पुण्याहनं मुंबईला न्यायची-आणायची ते वेगळं, कारण पावसाळ्यात रेस पुण्यात असतात आणि हिवाळ्यात मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सला. दहात वाटलं की साडेचार हजार. साडेचार हजार काय, एका जेवणावळीला जातात, असं मी पण म्हणालो होतो. पण जेवणावळ दर महिन्याला नसते, आणि घोडीला रविवारची सुट्टी नाही, ती पळो न पळो, खातीय. गावाकडं आपण म्हैस अर्धेलीनं देतो, एकाची म्हैस दुसऱ्याची वैरण, तिथं निदान दूध संघाचं दर दहा दिवसाला बिल तुमच्याकडं येतंय. इथं बिल यायचंच, फक्त दिशा उलटी.

२०१८ सगळं असंच गेलं. घोडी दोन वर्षांची, जरा जोरात पळवली की नडगीला सूज, कोवळ्या हाडावर ताण आला की होतंय तसं आणि त्यात कुणाची चूक पण नसते. दीड-दोन महिने विश्रांती, परत हळूहळू सुरू, परत सूज. पहिली रेस थेट डिसेंबरात, महालक्ष्मीला, हजार मीटर. हजार मीटर म्हंजे एका मिनिटाचा खेळ. वर्षभराचं बिल भरून बघितलेलं ते एक मिनिट, त्यात आमची घोडी अकरात सातवी. मी नुसता तिला पळताना बघून खूष, घरी येऊन मिसरूड फुटलेल्या पोरासारखा व्हिडिओ दाखवत होतो सगळ्यांना. बायकोला रेसबुक, म्हंजे त्या दिवशीच्या घोड्यांची आणि मालकांची छापील यादी, दाखवलं, हे बघ आपली घोडी. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, मालकांत तुमचं नाव कुठाय?

नव्हतं. रेस भरवणाऱ्या क्लबकडं मालक म्हणून रीतसर नोंद करून मंजुरी घ्यावी लागते, ती आमच्यातल्या तिघांचीच होती. बाकीचे सात आम्ही वहीतले मालक. विचारलं तर 'अरे ते सगळं फॉर्म-बिर्म कटकट आहे, आपल्यात काय कागद'. हे वाक्य नीट ऐकून ठेवा, तुम्हाला रविवारी ऐकायला मिळणार आहे.

मग २०१९. ऑगस्टात महापूर, शिरोलीला हायवे पाण्याखाली, मेव्हण्याच्या घरात माळ्यापर्यंत पाणी, आम्ही ट्रॅक्टरनं माणसं आणि भांडी काढतोय, आणि खिशात मोबाईल वाजला. बघतो तर जुलैचं बिल. त्याच्यात ट्रेनरची काय चूक नाही, घोडीला काय माहीत पंचगंगेला पूर आलाय. पण तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की हे कधी थांबत नसतंय.

आणि त्याच सप्टेंबरात ती जिंकली.

ते सांगतो, नाहीतर म्हणाल काका नुसतं रडतोय. पहाटे निघालो, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, चारही टोल भरत दहाच्या आत पुण्यात. इस्त्रीचा शर्ट, लग्नातला कोट. खालच्या क्लासची रेस होती, मोठी काय नाही, पण शेवटच्या दोनशे मीटरला ती बाहेरच्या बाजूनं जी सुटली, आईशप्पथ सांगतो, छातीत ढोल वाजत होता. खासबागेत आपला पैलवान चितपट करतोय तेव्हा कसं होतंय, तसं. मी ओरडत पळतच गेलो. जिंकलेल्या घोड्याला मालकानं लगामाला धरून आत आणायचं अशी पद्धत असते. आत जायला मालकाचा बिल्ला लागतोय. माझ्याकडं बिल्ला कुठला, वहीत नाव. कठड्याच्या बाहेरनं बघितलं. आतनं आमच्यातले तिघे आणि त्यांची पाहुणेमंडळी लगाम धरून हसतायत. तो फोटो माझ्याकडं आहे, उजव्या कडेला एक कोपर दिसतंय ते माझं.

बक्षिसाचं पण ऐका. जाहीर रक्कम ऐकून खूष होऊ नका, त्यातनं ट्रेनरचा टक्का, जॉकीचा टक्का, सायसाचा, असं वजा होत होत माझ्या वाट्याला बारा-साडेबारा हजार. त्या रात्री पार्टी, ज्याची-त्याची वर्गणी चार हजार. सायसाला खुशीनं पाचशे दिले, ते एकच पैसे मला आजपण बरोबर गेल्यासारखे वाटतायत. आणि जिंकल्याची शिक्षा वेगळीच, घोडं जिंकलं की त्याचं रेटिंग वाढतंय, रेटिंग वाढलं की पुढच्या रेसला पाठीवर जास्त वजन नाहीतर वरचा क्लास. हँडिकॅपचा धंदाच तो, सगळी घोडी एका रेषेत यावीत म्हणून. म्हंजे आपली साधारण घोडी एकदा जिंकली की दुसऱ्यांदा जिंकणं आणखी अवघड. पुढच्या तीन रेसमध्ये एकदा चौथी, बाकी मागंच.

आता मुख्य गोष्टीवर येतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

डिसेंबर २०१९. कामासाठी पुण्याला गेलो होतो, घोडी अजून तिथंच होती, सकाळी साडेसहाला तबेल्यात गेलो. थंडी, घोड्यांच्या अंगातनं वाफा, सगळीकडं लीद आणि ओल्या गवताचा वास. सायस खरारा करत होता. मला बघून त्यानं ब्रश ठेवला, घोडीच्या पुढच्या डाव्या पायाशी उकिडवा बसला आणि तळहात गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूला लावून तसाच धरला, ताप बघतात तसा. मग दुसऱ्या पायाला. मग परत डाव्याला. माझा हात धरून तिथं ठेवला. मला काय कळणार ओ, मी लेथवरचा माणूस, पण फरक कळला, डावा गरम होता. तो म्हणाला, 'शेठ, चार दिवस झाले, मी साहेबांना सांगितलंय.' पुढच्या पायाच्या मागं जी दोरी असते, टेंडन, तिथली ती गरमी. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर भरधाव पळतंय तेव्हा प्रत्येक झेपेत एक क्षण असा असतोय की सगळा भार एका पुढच्या पायावर. आणि त्या पायाला नाल कसली, ॲल्युमिनियमची पट्टी, बांगडीसारखी हलकी. उतरवलेली एक त्यानं मला दिली, अजून वर्कशॉपमध्ये खिळ्याला लावलीय.

मी त्याच दिवशी आमच्या मुख्य भागीदाराला फोन केला. तो म्हणाला सायसाचं काय ऐकतोस, डॉक्टरनं बघितलंय. डॉक्टरचा कागद दाखव म्हटलं तर म्हणाला दहा जणांना कागद दाखवत बसलो तर घोडी पळणार कधी. जानेवारीत महालक्ष्मीला पळवली. शेवटची आली, आणि रेस संपल्यावर तीन पायांवर उभी. सोनोग्राफी, टेंडन गेलेलं, आठ-दहा महिने विश्रांती आणि नंतरची पण गॅरंटी नाही. ट्रेनरनं ऐकायला हवं होतं का भागीदारानं, हे मी आजपण सांगू शकत नाही, दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. मला एवढं कळतंय की दहावा हिस्सा माझा होता आणि माझ्या 'नको' ला किंमत शून्य होती. आणि ज्याला सगळ्यात आधी कळलं त्या सायसाला तर कोण विचारतच नव्हतं.

मग मार्च २०२०. लॉकडाऊन, रेस बंद. माझ्याकडं वर्कशॉप बंद, सात माणसांचे पगार डोक्यावर. लंगडी घोडी कुठंतरी मोकळ्या फार्मवर हलवू, खर्च तरी कमी होईल म्हटलं तर गाडी मिळेना, परवानगी मिळेना, बसली तिथंच, जवळपास त्याच बिलावर. एप्रिलमध्ये एका रात्री ग्रुपवर ओळ आली, अमुक लेफ्ट. दुसऱ्या दिवशी आणखी एक लेफ्ट. फोन बंद. दोघांचा वाटा आम्हा आठ जणांवर, साडेचारचे साडेपाच हजार झाले. मी म्हटलं मी का भरू दुसऱ्याचं. वकील मित्रानं १९३२ चा भागीदारी कायदा काढून दाखवला, कलम २५, भागीदारी असेल तर देण्याला प्रत्येकजण मिळून पण जबाबदार आणि एकटा पण जबाबदार. म्हंजे रेसबुकात नाव नव्हतं, बिलात मात्र पक्कं होतं. भिशीत एकानं हप्ता बुडवला तर आपण त्याच्या दारात जाऊन बसतो, तो पेठेतलाच असतोय, जाणार कुठं. पण पुण्या-मुंबईतल्या अनोळखी माणसाच्या कुठल्या दारात बसणार?

नोव्हेंबरात एका ओळीचा मेसेज आला, घोडी एका रायडिंगवाल्याला फुकट दिली, बाकी हिशोब मिटला. कुठल्या रायडिंगवाल्याला, कुठल्या गावाला, ते सांगितलं नाही. विमा होता म्हणे, पण तो मेल्यावरचा, लंगडं झाल्यावर काय मिळत नाही.

वहीत बेरीज आहे. गेले तीन लाख वीस हजार, आले सतरा हजार. डिझेल, टोल, कोट ड्रायक्लीन धरलेलं नाही. सीएला म्हटलं हा तोटा निदान वर्कशॉपच्या नफ्यातनं वजा करू, तर तो हसला. इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात ७४ए असं कलमच होतं ह्या कामासाठी, रेसचे घोडे बाळगण्यातला तोटा फक्त रेसच्या घोड्यांच्याच उत्पन्नातनं वजा होतोय, तो पण पुढं चारच वर्षं नेता येतोय, आणि त्यासाठी परत घोडे बाळगत राहायला पाहिजे. म्हंजे खड्ड्यातनं निघायचं तर आणखी एक खड्डा खणा.

तुमच्या ग्रुपवरचे दोन मुद्दे राहिले. एक, सुप्रीम कोर्टानं १९९६ ला सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. बरोबर आहे, पण तो निकाल पैज कायदेशीर का बेकायदेशीर ह्यावरचा आहे, घोडा बाळगणं परवडतंय असं कोर्टानं कुठंच म्हटलेलं नाही. आणि बेटिंगवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासनं ४० झालाय. आपण पैज लावत नाही, आपल्याला काय, असं म्हणू नका, क्लबची कमाई मुख्यत्वे बेटिंगवर चालते आणि बक्षिसाचा पैसा त्याच विहिरीतला. वरनं पाणी कमी झालं की आपल्या पाटाला काय येणार?

दोन, पूनावालांचं उदाहरण, ते घोड्यांतनंच मोठे झाले म्हणे. त्यांचा स्टड फार्म १९४६ चा, मान्य. पण तिथली म्हातारी घोडी मुंबईच्या हाफकिन संस्थेला, रक्तातनं औषधाचं सीरम काढायला जायची, त्यातनं ती आयडिया सुचली आणि १९६६ ला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पैसा घोड्याच्या पायातनं नाही, रक्तातनं आला. तुमचा तसा काय प्लॅन असेल तर मी पण दोन भाग घेतो.

म्हंजे घेऊच नका म्हणतोय का मी? नाही. तो सप्टेंबरचा दिवस कोण परत देणार असेल तर मी अजून पण चेकबुक काढीन, हे बायकोला सांगू नका. पण मौज म्हणून घ्या, पुरात गेले तरी चालतील एवढेच पैसे घाला, सोसायटीचं कर्ज काढून आणि उसाच्या बिलावर डोळा ठेवून नको. आणि रविवारी मिसळीवर तो माणूस येणार आहे ना, तेव्हा रस्सा वाढून घ्यायच्या आधी त्याला विचारा. स्टडची मूळ पावती दाखव, घोड्याचे किती आणि तुझे किती. दहाच्या दहा नावं क्लबकडं नोंदवणार का, नसेल तर का नाही. एकानं पैसे थांबवले तर त्याचा भाग किती दिवसात आणि किती किमतीला बाकीच्यांकडं जाणार, हे स्टँपपेपरवर. वर्षभराचा खोराक आधीच वेगळ्या खात्यात जमा करायला तो स्वतः तयार आहे का, कारण त्याचा पण भाग आहे म्हणतोय. डॉक्टरचा प्रत्येक कागद ग्रुपवर पडणार का, आणि दहापैकी किती जणांनी नको म्हटलं की घोडं पळणार नाही. पळायचं थांबलं की ते कुठं जाणार, आणि त्या घराचा पत्ता आपल्याला मिळणार का. ह्यातल्या एकाला जरी तो 'आपल्यात काय कागद' म्हणाला, तर मिसळ खा, पैसे माझ्या नावावर टाका आणि घरला जा.

मी पण येतोय, वही घेऊन. आणि ज्या दोघांनी टोकन टाकलंय, मला माहीत आहे कोण ते, त्यांनी रविवारची वाट न बघता आजच पावती मागून घ्या.

तुमचाच,
दशांश घोडीचा माजी मालक,
उद्यमनगर, कोल्हापूर